स्त्री-पुरुष समानतेचे प्रशिक्षण भाषणाच्या वाटेने जाऊ नये म्हणून दोन तासांत काय करावे?

खडूफळा यांचा प्रश्न:

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत गेली १४ वर्षे शिकवतो आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढील शिक्षण परिषदेत स्त्री-पुरुष समानतेवर दोन तासांचे सत्र घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. समोर साधारण ३५ शिक्षक असतील आणि त्यांत निम्म्याहून अधिक पुरुष असतील. माझी निवड होण्यामागे माझा अभ्यास वगैरे काही नाही. तालुक्याच्या प्रशिक्षणाला जायला आमच्या शाळेतून दुसरे कोणी मोकळे नव्हते, आणि जो प्रशिक्षण घेऊन येतो त्यानेच ते खाली पोहोचवायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे.

त्या तालुक्याच्या प्रशिक्षणात दिवसभर स्लाइड दाखवल्या गेल्या. लिंग आणि लिंगभाव यांतील फरक, संविधानातील कलम १४ व १५, १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, शिक्षण हक्क कायदा, असे सारे त्यांत होते. त्यातले काही चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. मात्र दुपारी चहा झाल्यावर प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकांनीच पुढच्या रांगेकडे पाहून "बाई, पेल्यांचं जरा बघता का?" असे म्हटले, दोन शिक्षिका उठल्या, त्यांनी पेले गोळा केले, आणि त्यानंतर "कामाची लिंगाधारित विभागणी" या स्लाइडने सत्र पुढे सुरू झाले. कोणी हसलेसुद्धा नाही. मीही हसलो नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही आहे हे मला संध्याकाळी एसटीत बसल्यावर सुचले.

पुढचा आठवडाभर मी शाळेत नुसते पाहत राहिलो आणि टाचणवहीच्या मागच्या पानावर नोंदी करत गेलो. हजेरीपटात आधी सगळे मुलगे आणि मग मुली. परिपाठाला प्रार्थना आणि सुविचार मुलींकडे, तर "सावधान, विश्राम" मुलाकडे. पाहुणे आले की औक्षणाला मुली, बाके हलवायला आणि दुकानातून काही आणायला मुलगे, म्हणजे फाटकाबाहेर पडण्याची परवानगीही मुलग्यांनाच. मधल्या सुट्टीत सगळे मैदान क्रिकेटचे, आणि मुली भिंतीलगतच्या पट्टीत. हे सगळे कोणी तरी दुसऱ्याने ठरवले असते तर मी इथे तावातावाने लिहिले असते, पण वर्ग झाडण्याच्या पाळ्यांचा जो तक्ता दाराशेजारी चिकटवला आहे तो माझ्या अक्षरात आहे, आणि त्यात सोमवार ते शनिवार सहाही दिवस मुलींचीच नावे आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. सहकाऱ्यांसमोर दोन तास हा विषय कसा हाताळावा, की ते माना डोलावून निघून जाणार नाहीत आणि चिडणारही नाहीत? आणि मुळात अशा शिक्षणाने काही बदलते, असा कोणाचा अनुभव किंवा काही पुरावा आहे का?

जुनी_घंटा यांचे उत्तर:

सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नावर जाणकार लिहितील. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि त्याआधी काही वर्षे शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल सांगते.

व्याख्येपासून सुरुवात करू नका. आपल्या शिक्षकांना व्याख्या पाठ असतात, आणि पाठ असलेली गोष्ट समोर आली की ते पाठ झाल्यासारखेच ऐकतात. आपण तो झाडण्याचा तक्ता भिंतीवरून काढा, तसाच परिषदेत घेऊन जा, आणि "हा मी लिहिला आहे" असे सांगून सुरुवात करा. दुसऱ्याच्या चुकीवर बोललात तर निम्मे सभागृह वकिली करायला उभे राहील. स्वतःच्या चुकीपासून सुरुवात केलीत तर लोक आपापल्या शाळेतला तक्ता आठवू लागतात.

त्यानंतर घड्याळाचा खेळ घ्या. मोठ्या कागदावर २४ तासांचे वर्तुळ काढायचे, गट पाडायचे, आणि एका गटाने शेतकरी बाईचा, दुसऱ्याने तिच्या नवऱ्याचा, तिसऱ्याने नोकरी करणाऱ्या शिक्षिकेचा, चौथ्याने शिक्षकाचा दिवस त्यात भरायचा. हंगाम कोणता ते आधी ठरवून द्या, नाही तर सुगीचा दिवस आणि उन्हाळ्याचा दिवस यांवरच वाद रंगतो. या खेळात एक वाक्य हमखास येते: "तिचं काय, ती काही करत नाही, घरीच असते." ते आले की फळ्यावर जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्यावर काही बोलू नका. कागद भरत जातो तसा बोलणाराच अस्वस्थ होतो. पाणी, चूल, गुरांचे शेण, पोराचा डबा, सासऱ्यांची औषधे हे सारे त्याच्याच गटातले लोक त्याच्यासमोर लिहीत असतात.

कागद भिंतीला लागल्यावर मग आकडे द्या, आधी नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे गेल्याचे आढळले, तर असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. त्यातही असे काम केलेल्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. पुढची पाहणी २०२४ ची आहे. तिच्यात बाईची मिनिटे २८९ झाली, म्हणजे दहा कमी, पण पुरुषाची ८८ झाली, म्हणजे तीही नऊने कमी. "काळ बदलला आहे, मॅडम" असे म्हणणारे कोणी तरी सभागृहात असतेच. त्यांना हे दोन्ही आकडे एकाखाली एक लिहायला सांगावे.

आणखी एक बारीक गोष्ट. "मी बायकोला मदत करतो" असे सांगणारे पुरुष शिक्षक आपल्याला नक्की भेटतील, आणि ते बिचारे चांगल्या मनाने सांगत असतात. त्यांना टोकू नका. फक्त एवढेच विचारा, की स्वतःच्या वर्गावर तास घेऊन आल्यावर आपण कधी "मी शाळेला मदत करून आलो" असे म्हणतो का? "मदत" या शब्दात काम मुळात कोणाचे ते ठरलेलेच असते. माझ्या अनुभवात एवढ्या एका शब्दावर अर्धा तास चर्चा झालेली आहे, आणि ती स्लाइडवरच्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा खोल गेली आहे.

पाठ्यपुस्तकाचेही सांगते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली, आणि आई-वडील दोघे मिळून भाजी निवडत बसले आहेत असे चित्र त्यात आले. वर्तमानपत्रांत कौतुक झाले. मी तेव्हा एका वर्गात मागे बसून पाठ पाहत होते. एका मुलाने विचारले, "बाई, आज बाबांना सुट्टी आहे का?" किती सुंदर प्रश्न होता! पण शिक्षिकेने "हो, रविवार असेल" असे म्हणून पान उलटले. दोष तिचा नव्हे. त्या प्रश्नाचे काय करायचे हे तिला कोणी शिकवलेलेच नव्हते. पुस्तक बदलणाऱ्यांनी चित्र दिले, पण त्या चित्रासमोर दोन मिनिटे थांबायचे कसे, हे शिक्षकाच्या प्रशिक्षणातच यायला हवे. आपल्या सत्रात हेच चित्र आणि हाच प्रश्न देऊन, "तुम्ही काय उत्तर द्याल?" असे विचारता येईल.

दादरचा_जिना यांचे उत्तर:

पुरावा आहे आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे, पण तो वाचल्यावर दोन तासांच्या सत्रावरचा विश्वास वाढण्याऐवजी थोडा कमीच होतो, हे आधी सांगून ठेवतो.

मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी एक उपक्रम झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून तो ४५ शाळांत राबवला. १५ शाळांत वर्गात गटचर्चा आणि त्याच्या जोडीला शाळाभर मोहीम, १५ शाळांत नुसती मोहीम, आणि उरलेल्या १५ शाळांत तुलनेसाठी काहीच नाही, अशी त्याची रचना होती. मुलींच्या लग्नाचे वय, घरकाम कोणाचे, मारहाण चालते का, अशा प्रश्नांवरची मते सगळ्यांत जास्त हलली ती जिथे वर्गात बसून बोलणे झाले त्या शाळांत. प्रभातफेरी, घोषवाक्ये, फलक यांनी वातावरण तयार होते, पण माणूस प्रत्यक्ष बोलतो तेव्हाच स्वतःचे मत तपासतो, असा माझा त्यातून घेतलेला अर्थ आहे.

हरियाणातला प्रयोग याहून मोठा आहे. ब्रेकथ्रू या संस्थेने तेथील सरकारी शाळांत मुलामुलींसाठी तासिका घेतल्या, आणि ३१४ शाळांमधून चिठ्ठ्या काढाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या शाळांची इतरांशी तुलना करून अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम मोजला. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटे, आणि असे सलग अडीच वर्षे! मुलामुलींची मते समानतेच्या बाजूला सरकली, आणि उपक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही तो परिणाम टिकून होता. मुलग्यांनी घरकाम अधिक करू लागल्याचे सांगितले. मुलींच्या वागण्यात मात्र तुलनेने कमी फरक पडला, आणि पुढे शिकण्याच्या त्यांच्या आकांक्षेतही वाढ दिसली नाही, कारण ती आकांक्षा आधीपासूनच मोठी होती. मला हा सगळ्यांत बोलका भाग वाटतो. मुलीला "तू शिक, तू मोठी हो" हे सांगण्यात आपण फार शक्ती घालवतो. तिला ते ठाऊक असते. अडते ते तिच्या आजूबाजूच्यांपाशी, आणि म्हणून मुलग्यांना बाहेर बसवून फक्त मुलींसाठी घेतलेले "कळी उमलताना" छापाचे कार्यक्रम अर्ध्यावरच थांबतात.

तेव्हा आपल्या सत्रात केंद्रप्रमुखांकडून एकच गोष्ट मागून घ्या: पुढच्या प्रत्येक शिक्षण परिषदेत या विषयाची २० मिनिटे. दोन तास एकदाच होण्यापेक्षा वीस मिनिटे वर्षभर होणे केव्हाही बरे.

आता थोडे सावधगिरीचे. मुले या विषयावर खरोखर बोलू लागली की त्यातून घरातल्या मारहाणीच्या किंवा लैंगिक छळाच्या गोष्टी बाहेर येऊ शकतात. एका वस्तीतल्या वर्गात माझ्याबरोबर असे झाले आहे, आणि माझी स्वतःची काही तयारी नव्हती. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती दडपणे हा गुन्हा आहे, मग ती शाळेच्या अब्रूसाठी दडपली असली तरी. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक शिक्षकांच्या फोनमध्ये असावा, आणि मूल बोलू लागले तर त्याला चारचौघांत पुढे बोलायला न लावता बाजूला घेऊन शांतपणे ऐकून घ्यावे, एवढे तरी सत्रात सांगाच. बाकी सगळे राहिले तरी चालेल, हे राहू देऊ नका.

उसाचं_पाचट यांचे उत्तर:

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. मी ऊसतोडीच्या पट्ट्यातला शिक्षक आहे. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव कारखान्यांकडे निघून जाते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती "कोयत्या"ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, आणि उचलही त्याच हिशेबाने मिळते. म्हणजे पोराचे लग्न झाले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. दुसरीकडे, आई-बाप सहा महिने फडात आणि वयात आलेली मुलगी गावात आजीजवळ, हा बापाच्या जिवाला घोर. या दोन्ही हिशेबांचा मेळ नववी-दहावीतल्या मुलीच्या लग्नाशी बसतो. त्या बापाला मी समानतेच्या घड्याळाचा खेळ शिकवू म्हटले तर तो मला चहा पाजेल आणि तारीख आहे तीच ठेवेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावात ग्रामसेवकाकडे त्याची जबाबदारी आहे, आणि तरीही मांडव पडल्यावर जाग येते. पत्रिकेवर तारीख वेगळी आणि हळद वेगळ्याच गावाला, हे आम्ही पाहिलेले आहे.

प्रशिक्षण नको असे माझे म्हणणे नाही. पण आमच्याकडे मुलगी शाळेत टिकते ती हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर, नववीच्या शाळेला जायला एसटी असली तर, आणि स्वच्छतागृहाला आतून कडी असली तर. त्या कडीचीच गोष्ट घ्या. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी वर्षभर तुटलेली होती. दोन मुली आळीपाळीने दार धरून उभ्या राहत. एक मुलगी महिन्यातले तीन-चार दिवस गैरहजर राहते, हे मला हजेरीपटावरून दिसत होते आणि कारण समजत नव्हते. शेवटी एका आईने शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्याच लागतात, पण आमच्याकडे त्या तोवर सहीपुरत्या येत. कडीचा खर्च किरकोळ होता, संध्याकाळपर्यंत ती बसली. वर्षभर माझ्यासकट कोणाही पुरुषाच्या ती नजरेत आली नव्हती.

म्हणून सत्रात हेही घ्या, की आपल्या समितीच्या गेल्या तीन बैठकांचे इतिवृत्त काढून पाहावे आणि त्यात किती स्त्रियांच्या तोंडचे एक तरी वाक्य नोंदले आहे ते मोजावे.

संगणकी_कारकून यांचे उत्तर:

शाळेबाहेरचा आहे, पण राहवले नाही. आमच्या कचेरीत २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली दरवर्षी संगणकावर प्रशिक्षण होते. चित्रफीत एका खिडकीत लावून ठेवायची, दुसऱ्या खिडकीत काम करत राहायचे, आणि शेवटी दहा प्रश्नांना उत्तरे द्यायची. शंभर टक्के कर्मचारी "प्रशिक्षित" आहेत. तक्रार समितीत कोण कोण आहे, हे मी परवा आठ जणांना विचारले आणि एकालाही सांगता आले नाही. आपल्या तालुक्याच्या स्लाइडचे वाचून आपण एकटे नाही एवढे समाधान झाले.

खडूफळा यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी सत्राचा आराखडा पार बदलला आहे. तक्ता घेऊन जाणार, घड्याळाचा खेळ घेणार, भाजीचे चित्र दाखवणार, पोक्सोबद्दल आणि १०९८ बद्दल सांगणार, आणि व्याख्या कोणी विचारलीच तरच सांगणार. केंद्रप्रमुखांना वीस मिनिटांचे विचारले. ते "बघू" म्हणाले. त्यांचे "बघू" म्हणजे नकार नसतो, एवढे आता कळू लागले आहे.

उसाचं पाचट सर, आपला सूर वेगळा असला तरी मला तो विरोधी वाटला नाही. इतिवृत्ताचे पुस्तक काल उघडले. तीन बैठकांत स्त्री सदस्यांच्या सह्या सगळ्या आहेत, वाक्य एकही नाही. इतिवृत्त लिहितो मीच, त्यामुळे त्या बोलल्या नाहीत की मी लिहिले नाही, हे मला स्वतःलाच आठवत नाही.

झाडण्याचा तक्ता सोमवारपासून बदलला. हजेरीपटावरच्या नावांतून आलटून पालटून एक मुलगा, एक मुलगी अशा जोड्या केल्या. पहिल्या दिवशी ज्याची पाळी होती त्याने झाडू उलटा धरला, म्हणून जोडीदारणीने तो हातातून काढून घेतला आणि स्वतःच झाडायला लागली. आता हे थांबवावे की नाही, यावर मी दारात उभा राहून बराच विचार केला. शेवटी तिला खिडक्या पुसायला सांगितले आणि त्याला परत झाडू दिला. बाकांखालचे कागद तसेच राहिले, पण ते कोणी काढले नाहीत. बुधवारी एका मुलाची आजी फाटकाशी आली आणि "गुरुजी, आमच्या पोराला झाडायला लावता म्हणं?" असे विचारू लागली. मी काही बोलायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या आजीने तिला विचारले, "मग माझी नात काय गेली तीन वर्षं हळदीकुंकवाला येत होती व्हय?" दोघींचे पुढे बरेच चालले. मी घंटेच्या निमित्ताने आत आलो, हे कबूल करतो.

जुनी घंटा बाई, एक विचारायचे राहिले. शिक्षिकेचा आणि शिक्षकाचा दिवस भरताना ते गट मिश्र ठेवावेत की स्त्रियांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा? मिश्र ठेवले तर बाया गप्प बसतील अशी भीती वाटते, आणि वेगळे ठेवले तर पुरुषांचा कागद रिकामाच येईल. सत्र येत्या शनिवारी आहे.

जुनी_घंटा यांचे उत्तर:

आधी वेगळे ठेवा, आणि पुरुषांच्या गटाला शिक्षिकेचा दिवस भरायला द्या, स्त्रियांच्या गटाला शिक्षकाचा. रिकाम्या जागा राहिल्या तर राहू द्या. मग कागदांची अदलाबदल करा आणि ज्याचा दिवस आहे त्याने दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करावा. दोन रंगांची स्केचपेने घरूनच न्या. केंद्रशाळेच्या कपाटातली नेहमी वाळलेली असतात.